आमच्या प्रो सरांच्या कारकिर्दीची फाइल केली त्याबद्दल

आमच्या गोल्फ क्लबने प्रो सरांना, म्हणजे क्लबवर नोकरीला असलेल्या आमच्या व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांना, मानद आजीव सदस्यत्व द्यायचा प्रस्ताव आणला आणि त्यांच्या कारकिर्दीची फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, आता त्यांच्याबरोबर ज्युनियर मुलांचं बघते, त्यामुळे हे काम मला मनापासून हवंच होतं. इथे सविस्तर लिहितेय त्याचं कारण म्हणजे अशी फाइल करायची वेळ अजून कुणावर आली तर काय शोधायचं आणि कुठे शोधायचं याचा अंदाज यावा, आणि दुसरं म्हणजे क्लबचा प्रो दिवसभर नक्की काय करतो हे रोज गोल्फ खेळणाऱ्यांनाही पुरतं माहीत नसतं हे मला या कामात फार जाणवलं.

क्लबचा एक छापील फॉर्म आहे. पहिलं अख्खं पान खेळाचं, म्हणजे जिंकलेल्या स्पर्धा, सर्वात कमी स्कोअर, कोर्स रेकॉर्ड (एखाद्या मैदानावरचा आजवरचा सर्वात कमी स्कोअर) वगैरे, आणि दुसऱ्या पानाच्या तळाला "इतर सेवा" म्हणून दोन ओळी सोडलेल्या. सरांचं पहिलं पान मी एका संध्याकाळी भरून टाकलं. खेळाडू म्हणून ते उत्तमच होते, तरुणपणी प्रो लोकांच्या स्पर्धा खेळले, काही जिंकले, एक कोर्स रेकॉर्ड बरीच वर्षं त्यांच्या नावावर होता. पण मग लग्न, नोकरी, सकाळी सहाला सरावाची रेंज उघडायची जबाबदारी, आणि हळूहळू स्वतःचं खेळणं मागे पडत गेलं. प्रश्न होता त्या दोन ओळींचा. चाळीसच्या वर वर्षं माणसाने जे केलं ते त्या दोन ओळींत कसं बसवायचं?

प्रो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे खेळाडू येतात. पण प्रो लोकांच्या दोन वाटा आहेत, टूरवर, म्हणजे ठिकठिकाणच्या बक्षिसांच्या स्पर्धा, खेळून कमावणारे आणि क्लबवर राहून शिकवणारे, सांभाळणारे, दुरुस्त करणारे, आणि संख्येने दुसरेच खूप जास्त. पूर्वी हे वेगळं नव्हतं. ब्रिटनमध्ये पीजीए ही प्रो लोकांची संघटना 1901 ला निघाली, नामवंत खेळाडू जे. एच. टेलर तिचे पहिले चेअरमन, अमेरिकेतली पीजीए 1916 ला, आणि दोन्हीकडे बहुतेक प्रो हे क्लबवर नोकरी करायचे आणि जमेल तेव्हा स्पर्धा खेळायचे. नंतर स्पर्धांमधला पैसा वाढला, टीव्ही आला, दोघांच्या गरजा वेगळ्या झाल्या आणि अमेरिकेत 1968 मध्ये टूरवाले चक्क वेगळे निघाले. सरांसारख्या लोकांची अडचण अशी की त्यांच्या कामाला स्कोअरबोर्ड नाही. त्यांचं काम दुसऱ्यांच्या स्कोअरकार्डवर दिसतं, आणि तिथे प्रोचं नाव कुणी लिहीत नाही.

म्हणून मी ठरवलं की फॉर्म बाजूला ठेवायचा आणि आधी कागद गोळा करायचे.

सरांना विचारून काही उपयोग नव्हता हे पहिल्या दिवशीच कळलं. "अगं त्यात काय सांगायचं, काम केलं आणि काय," इतकंच म्हणाले आणि रेंजवर निघून गेले. पण वर्कशॉपच्या चाव्या दिल्या, आणि खरा खजिना तिथेच होता.

वर्कशॉप म्हणजे प्रो शॉपच्या मागची अरुंद खोली. व्हाइस, ग्रिप बदलायचं स्टँड, लाय-लॉफ्ट (काठीच्या डोक्याचे कोन) वाकवायचं मशीन, आणि वरच्या फळीवर रिपेअर रजिस्टरं, लांबट, कापडी पुठ्ठ्याची, एकावर एक. तारीख, खेळाडूचं नाव, कुठली काठी, काय काम केलं. कुणाला वाटेल यात वाचण्यासारखं काय, पण मी अक्षरशः रात्री जागून वाचली. सुरुवातीच्या रजिस्टरांत पर्सिमन लाकडाचे ड्रायव्हर (लांब मारायच्या काठ्या) आहेत, त्यामुळे नोंदी पण तशाच, "नेकला व्हिपिंग", "सोल प्लेटचा स्क्रू बसवला", "इन्सर्ट चिकटवला", "पॉलिश". पावसाळ्यानंतरच्या पानांवर तर नुसती व्हिपिंगची, म्हणजे काठीच्या नेकवर (मानेवर) दोरा गुंडाळण्याची, रांग, लाकूड फुगायचं, दोरा सुटायचा. धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर टेलरमेड कंपनीने 1979 ला बाजारात आणला, पण आमच्या रजिस्टरात तो बऱ्याच उशिरा उगवतो, आणि एकदा आला की दोन-तीन वर्षांत स्क्रू आणि पॉलिशच्या नोंदी जवळजवळ संपतात. त्यानंतर ग्रॅफाइट शाफ्ट (काठीचे दांडे), मग लाय-लॉफ्ट, मग ड्रायव्हरच्या डोक्याला 460 सीसीची मर्यादा आल्यावर "डोकं नियमात बसतं का पाहिले" अशा नोंदी. गोल्फच्या सामानाचा अख्खा इतिहास एका माणसाच्या अक्षरात.

व्हिपिंग ही गोष्ट नव्या मुलांनी पाहिलेलीच नसते म्हणून मी सरांना एकदा करून दाखवायला लावली आणि फाइलसाठी फोटो काढले. एका जुन्या सदस्यांचा पर्सिमन ड्रायव्हर दुरुस्तीला आलेला होताच. सर स्टुलावर बसले, काठी मांडीवर आडवी, मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याचं टोक नेकवर अंगठ्याने दाबून धरलं आणि दोरा फिरवण्याऐवजी काठीच फिरवायला लागले, सावकाश, दोऱ्याला दुसऱ्या हाताने सारखा ताण, वेढ्याला वेढा असा चिकटून की मध्ये नख जाणार नाही. शेवटचे थोडे वेढे राहिले तेव्हा वेगळ्या दोऱ्याचा एक फास करून वर ठेवला आणि उरलेले वेढे त्या फासावरून घेतले, मग दोरा कापून टोक फासात ओवलं आणि फास खसकन ओढून काढला, टोक वेढ्यांच्या पोटात गेलं. गाठ कुठेच नाही. बोट फिरवलं तर सगळीकडे एकसारखं. हे त्यांना त्यांच्या आधीच्या प्रोने शिकवलं होतं, त्या प्रोला त्यांच्या आधीच्याने. सर तिथे बॅगा उचलणारा पोरगा म्हणून आले होते आणि दुपारी रिकाम्या वेळात वर्कशॉपच्या दारात उभे राहून बघायचे, एक दिवस आतून आवाज आला, "बाहेर काय उभा राहतोस, हे धर," आणि तेव्हापासून ते आतच आहेत.

मला इथे सारखी एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश प्रोची, ओल्ड टॉम मॉरिसची आठवण येत होती. चार वेळा ओपन (ब्रिटिश ओपन स्पर्धा) जिंकलेला माणूस, 1861, 1862, 1864 आणि 1867, शेवटची जिंकली तेव्हा वय 46, इतक्या वयात ओपन अजून कुणी जिंकलेली नाही. पण त्याची नोकरी काय होती? सुरुवात अ‍ॅलन रॉबर्टसन या प्रोकडे चेंडू बनवायला शिकण्यापासून, मग 1851 मध्ये स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला कोर्स सांभाळायला गेला, तिथला 12 होलचा कोर्स त्यानेच आखला, 1860 ची पहिलीवहिली ओपन त्याच कोर्सवर झाली आणि तो दोन स्ट्रोकने दुसरा आला. नंतर सेंट अँड्रूजला परतला आणि 1903 पर्यंत तिथलं मैदान बघत राहिला. काठ्या बनव, चेंडू बनव, गवत बघ, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) वाळू टाक, लोकांना शिकव, कोर्स आखून दे. म्हणजे आज ज्याला आपण क्लब प्रो म्हणतो ते काम ओपन जिंकणाऱ्याच्याही रोजच्या कामाचा भाग होतं. फाइलमध्ये मी हे एक पानभर लिहिलं, कारण कमिटीतले काही जण नवीन होते आणि "पण त्यांनी मोठं काही जिंकलंय का" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं.

रजिस्टरांनंतर कार्डं. सर प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड ठेवतात, पत्र्याच्या डब्यात, आडनावाप्रमाणे. प्रत्येक लेसनला एक ओळ. एकच. तासभर शिकवलं तरी कार्डावर एकच ओळ, कारण त्यांचं म्हणणं असं की खेळाडूने घरी नेण्यासारखी एक गोष्ट असावी, दोन झाल्या की दोन्ही राहतात. "ग्रिप ढिली", "डोकं नाही, खांदा", "आज काही सांगितले नाही, मारू दिले". ही शेवटची ओळ कितीतरी कार्डांवर आहे आणि मला ती फार आवडते, पैसे घेऊन तासभर गप्प उभं राहणं सगळ्यांना जमत नाही.

या कार्डांमध्ये मला एक गोष्ट सापडली जी माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी आहे. जुनी पिढी असं शिकवायची की चेंडू सुरुवातीला स्विंग ज्या दिशेने गेला त्या दिशेने निघतो आणि मग क्लबफेस (काठीचा चेंडूला लागणारा भाग) जिकडे बघत असेल तिकडे वळतो. सरांच्या जुन्या कार्डांवर पण तेच. नंतर रडारवर चालणारी लाँच मॉनिटर यंत्रं आली, प्रत्येक शॉटचा आकडा दिसायला लागला आणि कळलं की उलट आहे, चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने, आयर्नला (पातळ धातूच्या डोक्याच्या काठीला) साधारण तीन चतुर्थांश वाटा फेसचा आणि ड्रायव्हरला त्याहून जास्त, आणि वळतो तो फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकामुळे. म्हणजे ज्याचा चेंडू सुरुवातीलाच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळतोय त्याला नुसतं "स्विंग बदल" सांगून अर्धंच काम होतं. सर तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. बरेच अनुभवी लोक म्हणाले की मशीन काय सांगणार आम्हाला. सरांनी काय केलं, तर डबा काढला, सगळी कार्डं काढून बसले, आणि ज्यांना जुन्या पद्धतीने सांगितलं होतं त्यातले जे अजून खेळत होते त्यांना एकेक करून बोलावलं, फी न घेता. कार्डांवर त्या काळात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, "फेस आधी. पुन्हा सांगितले." मी ती कार्डं फाइलमध्ये स्कॅन करून लावली. टूरवरच्या ट्रॉफीच्या बरोबरीने मी याला धरते.

लोकांची पत्रं मागवणं हा पुढचा टप्पा, आणि इथे एक सल्ला देते. सुरुवातीला मी सरळ विचारलं की सरांबद्दल चार ओळी लिहून द्या. आलं ते सगळं एकाच साच्याचं, "मनमिळाऊ", "कष्टाळू", "आदर्श व्यक्तिमत्त्व". खोटं नाही त्यात काही, पण कुणाच्याही निरोप समारंभात चालेल असं. मग प्रश्न बदलला. विचारलं, सरांनी सांगितलेली अशी कुठली गोष्ट आहे जी तुम्ही अजूनही करता? आणि मग जे यायला लागलं ते वाचून मला थांबून पाणी प्यावं लागलं.

एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांनी नवऱ्याचा जुना सेट घेऊन खेळायला सुरुवात केली, चेंडू कायम डावीकडे, तीन-चार जणांनी त्यांना स्विंग चुकतोय म्हणून सांगितलं आणि त्या गोल्फ सोडायच्या बेतात होत्या. सरांनी स्विंगबद्दल एक शब्द काढला नाही. आयर्नच्या तळाला टेप लावली, जमिनीवर प्लास्टिकची पाटी ठेवली आणि त्यावरून चेंडू मारायला सांगितलं. टेप घासली गेली ती सगळी टाचेकडे. काठी त्यांच्या उंचीला लांब आणि लाय फार उभी, त्यामुळे टो (डोक्याचं पुढचं टोक) वर राहायचा आणि फेस आपोआप डावीकडे बघायचा. सरांनी शाफ्ट कापले, लाय वाकवून चपटी केली, आणि पुढच्या आठवड्यात चेंडू सरळ. बाई लिहितात, "माझ्यात दोष नाही हे मला पहिल्यांदा कुणीतरी मोजून दाखवलं." त्या आता क्लबच्या महिला विभागाच्या स्पर्धा चालवतात. रजिस्टरात मी ती नोंद शोधली, तारखेसकट आहे, "लाय 2 फ्लॅट, शाफ्ट कापले, ग्रिप नवीन". एवढंच.

असे धागे जुळवणं हेच खरं काम आहे. पत्रात एक गोष्ट येते, रजिस्टरात तिची नोंद सापडते, हँडिकॅपच्या (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) वहीत त्या माणसाचा आकडा खाली येताना दिसतो, आणि तिन्ही शेजारी शेजारी लावले की कमिटीला वेगळं काही सांगावं लागत नाही. नुसती पत्रं लावली असती तर कौतुक वाटलं असतं, नुसती रजिस्टरं लावली असती तर कुणी उघडली नसती.

नियमांचं पण एक मोठं काम सरांनी केलं जे बाहेर कुणाला दिसत नाही. 2019 ला गोल्फचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. ड्रॉप, म्हणजे नियमाप्रमाणे चेंडू हातातून खाली सोडणं, खांद्याच्या उंचीवरून करायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून, हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटांऐवजी तीन, पटिंग करताना (ग्रीनवरून चेंडू होलकडे घालवताना) झेंडा तसाच ठेवला तरी चालेल, ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड नाही. लगेच 2020 पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम, शेवटच्या 20 स्कोअरमधल्या सर्वोत्तम 8 ची सरासरी. आता सत्तरीच्या सदस्यांना, ज्यांनी आयुष्यभर खांद्यावरून चेंडू सोडलाय, हे गळी उतरवायचं म्हणजे काय असतं ते तिथे असणाऱ्यालाच माहीत. सरांनी हॉलमध्ये भाषण दिलं नाही, तर प्रॅक्टिस ग्रीनवर दर शनिवारी संध्याकाळी लोकांना बोलावलं, हातात चेंडू दिला आणि गुडघ्यावरून सोडायला लावला, परत, परत. हँडिकॅपसाठी मात्र प्रत्येकाबरोबर स्वतंत्र बसले कारण आकडा वर गेला की माणसं मनाला लावून घेतात. त्या संध्याकाळच्या हजेरीच्या याद्या मला एका जुन्या ड्रॉशीटच्या (स्पर्धेत कोण कुणाबरोबर खेळणार त्या यादीच्या) मागे सापडल्या, स्टार्टर काकांनी, म्हणजे खेळाडूंना वेळेप्रमाणे खेळायला सोडणाऱ्या काकांनी, जपून ठेवलेल्या. स्टार्टर, ग्रीनकीपर, कॅडी मास्टर, अशा लोकांशी बोलल्याशिवाय फाइल पूर्ण होत नाही हे नक्की लक्षात ठेवा, ऑफिसात जे नाही ते यांच्याकडे असतं.

ज्युनियरचं मी स्वतः पाहिलंय त्यामुळे ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण किती लिहू असं झालं. सर लहान मुलांना ड्रायव्हरच्या जवळपास जाऊ देत नाहीत. पहिले काही आठवडे फक्त होलच्या कडेला. हातभर अंतरावरून पट, मग दोन पावलं मागे, मग ग्रीनच्या काठावरून चिप, मग वेज, असं होलपासून उलटं मागे मागे जात टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) सगळ्यात शेवटी पोचायचं. त्यामुळे मुलाला पहिल्या दिवसापासून चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज ऐकायला मिळतो. त्यांच्या हजेरीच्या वह्यांमधून मी नावं काढून फोन केले. एक मुलगा आता दुसऱ्या कोर्सवर ग्रीनकीपर आहे, एक मुलगी रेफरी झाली, दोघं स्वतः प्रो झाले, आणि बाकीचे बहुतेक सगळे नुसते खेळतात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. सर या शेवटच्या लोकांचीच चौकशी जास्त करतात. "अजून खेळतो ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

एका सदस्यांची दृष्टी मधुमेहाने गेली. त्यांनी बॅग विकायला काढली होती. सर त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "सोमवारी रेंजवर या, मी आहे." मी त्या वेळी तिथे होते त्यामुळे हे मी बघितलेलं सांगतेय. सर त्यांच्या मागे उभे राहायचे, क्लबफेस चेंडूमागे हाताने टेकवून द्यायचे, पाय लक्ष्याच्या रेषेत लावून द्यायचे, मग फक्त म्हणायचे "आहे", आणि बाजूला व्हायचे. मग ते काका स्विंग करायचे. चेंडू गेला की सर तो कुठे चाललाय ते चेंडू हवेत असतानाच सांगायचे, "निघाला सरळ, आता थोडा उजवीकडे, पडला, अजून पळतोय." आवाजावरूनच फेसच्या मध्यभागी बसला की टोकाला लागला ते त्या काकांना हळूहळू कळायला लागलं. ग्रीनवर सर त्यांना चेंडूपासून होलपर्यंत चालवत न्यायचे, म्हणजे अंतर आणि उतार पायाला कळायचा. दृष्टिहीन खेळाडूला सहायकाची मदत घेता येते, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) काठी वाळूला टेकली तरी दंड नाही, हे 2023 पासून मूळ नियमांच्या पुस्तकातच नियम 25 म्हणून आलं, त्याआधी ते वेगळ्या सुधारणा म्हणून होतं. सरांनी ते छापून प्रत्येक स्पर्धेच्या नोटिशीबरोबर लावलं म्हणजे काकांना दर वेळी कुणाला समजावत बसावं लागू नये. काका अजून खेळतात.

फाइलमध्ये शेवटी एक भाग मी उदाहरणांचा ठेवला, की असा मान इतर ठिकाणी कुणाकुणाला मिळाला. हार्वी पेनिक यांचं नाव तर हवंच, टेक्सासमधल्या ऑस्टिन कंट्री क्लबला आठव्या वर्षी कॅडी (बॅगा उचलणारा) म्हणून आले, 1923 ला तिथेच हेड प्रो झाले आणि 1971 पर्यंत राहिले, टॉम काइट आणि बेन क्रेन्शॉ हे नामवंत खेळाडू त्यांचे विद्यार्थी. एप्रिल 1995 मध्ये ते गेले, क्रेन्शॉ त्यांना खांदा देऊन ऑगस्टाला आला आणि त्याच आठवड्यात तिथली मास्टर्स स्पर्धा जिंकला. जेम्स ब्रेड, पाच वेळा ओपन जिंकलेले, 1904 पासून 1950 ला मृत्यू होईपर्यंत वॉल्टन हीथ क्लबचे प्रो, त्यांना आणि जे. एच. टेलरना सेंट अँड्रूजच्या आर अँड ए क्लबने उतारवयात मानद सदस्य करून घेतलं. रायडर कप या करंडकाच्या झाकणावर जो छोटा गोल्फर उभा आहे तो एब मिचेल, तो कप देणाऱ्या सॅम्युएल रायडर यांना गोल्फ शिकवणारे प्रो. आणि 1920 ची यूएस ओपन, अमेरिकेतल्या टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबने प्रो खेळाडूंना क्लबहाऊसचे दरवाजे उघडले, तोवर तशी पद्धतच नव्हती, आणि वॉल्टर हेगन या खेळाडूच्या पुढाकाराने प्रो लोकांनी वर्गणी काढून क्लबला एक उंच उभं घड्याळ भेट दिलं. हे मी मुद्दाम घातलं. सर लागले तेव्हा प्रोने क्लबहाऊसच्या पुढच्या दालनात बसायचं नाही असाच रिवाज होता, सर याबद्दल कधी बोलले नाहीत, पण जुन्या सदस्यांना ते माहीत आहे आणि मानद सदस्यत्वाच्या कागदावर ते यायला हवं असं मला ठाम वाटत होतं.

फाइल झाल्यावर सरांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, पेन्सिलने. "महान", "अतुलनीय", "समर्पित" असे जितके शब्द माझ्या हातून आले होते ते सगळे खोडले, काही न बोलता. घड्याळाचं पान तसंच ठेवलं. दृष्टिहीन काकांच्या पानावर त्यांनी एक दुरुस्ती केली, मी लिहिलं होतं "सरांनी शिकवले", तिथे त्यांनी काकांच्या पत्नीचं नाव घातलं आणि लिहिलं की आता त्याच मदतनीस असतात आणि त्या जास्त चांगल्या आहेत. आणि शेवटी एक कोरं पान मागितलं. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या आधीच्या प्रोचं नाव लिहिलं, मग त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एकेका असिस्टंटचं, दोन ग्रीनकीपरचं, रेंजवर चेंडू गोळा करणाऱ्या पोरांची सुद्धा जितकी आठवली तितकी नावं. "हे आधी लाव," म्हणाले. मी ते पान पहिलं लावलं, फॉर्मच्याही आधी.

कमिटीची मीटिंग लांबेल असं वाटलं होतं, पण त्या दिवशी एका सदस्याने रजिस्टर उघडलं आणि त्यात त्याच्या वडिलांचं नाव निघालं, "5 आयर्न, ग्रिप", मग दुसऱ्याने मागितलं, मग सगळेच आपापल्या घरचं कुणीतरी शोधत बसले. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. सरांनी एकच अट घातली की वेगळा समारंभ नको, ज्युनियरच्या बक्षीस समारंभात, मुलांची बक्षिसं झाल्यावर जाहीर करा, आणि तसंच केलं.

फॉर्मही बदलायचा ठराव झाला. यापुढे पहिल्या पानावर शिकवणं, दुरुस्ती, कोर्स आणि नियमांचं काम असे रकाने असतील आणि स्पर्धा दुसऱ्या पानावर. स्कॅन केलेल्या प्रती ऑफिसात ठेवल्यात, मूळ रजिस्टरं परत वर्कशॉपच्या फळीवर गेली कारण ती सरांना रोज लागतात. जुन्या कार्डांची वर्षवार यादी करायचं काम अजून राहिलंय, डबे दोन झाले, ते मी आणि आताचा असिस्टंट मिळून करतोय.